नेम का चुकला? एका ठासणीच्या बंदुकीची जबानी

मित्रांनो, मी एक जुनी ठासणीची बंदूक आहे, आणि आधीच सांगून ठेवते, माझा कोणावर चटकन विश्वास बसत नाही. तुमच्यावरही नाही. तुमच्यातला एखादा तरी माझ्या चापावर बोट ठेवून बघणार, हे मी ओळखून आहे. तेव्हा हात मागे घ्या आणि नुसते ऐका.

हा संशय माझ्या जन्मापासूनचा आहे. माझी नळी विलायतेत घडली. साध्या ठासणीच्या बंदुकीची नळी आतून गुळगुळीत असते. माझ्या कारागिराने मात्र माझ्या नळीत पिळदार खाचा पाडल्या. मग त्याने माझ्यातून एक गोळी झाडून पाहिली, मान हलवली, आणि पुन्हा झाडून पाहिली. ज्याने घडवले त्याचाच माझ्यावर भरवसा नव्हता. मग मी दुसऱ्यावर कशाला ठेवू?

नीरेच्या कालव्याचे काम चालू होते त्या काळात एका गोऱ्या इंजिनियरसाहेबाबरोबर मी या मुलखात आले. साहेबाला शिकारीचा नाद होता आणि त्याचा वाटाड्या कळंबचा होता. साहेब मायदेशी निघाला तेव्हा मला वाटाड्याच्या हवाली करून गेला. पुढे माझा दस्ता मोडला, तो बारामतीच्या सुताराने शिसवी लाकडाचा नवा करून दिला. म्हणजे नळी विलायतेची, दस्ता बारामतीचा आणि चाकरी कळंबची. त्या वाटाड्याचा नातू रामहरी. माझी ही जबानी त्याच्या घरातली आहे.

आधी माझी रीत समजून घ्या, नाहीतर पुढचे सगळे डोक्यावरून जाईल. माझ्या तोंडातून दारू ओततात. किती ओतायची, त्याचे माप म्हणजे रामहरीच्या आजोबांनी कापलेले बांबूचे नळकांडे. मग तोंडावर तेलात भिजवलेल्या फडक्याचा तुकडा ठेवतात. आमच्या घरात त्याला चिंधीच म्हणत. चिंधीवर शिशाची गोळी ठेवून लोखंडी गजाने दोन्ही तळापर्यंत ठासतात. शेवटी तांब्याची टोपी बसवायची, घोडा मागे ओढायचा आणि चाप दाबायचा. गोळी माझ्या नळीपेक्षा अंगाने जराशी बारीक असते. चिंधी तिला घट्ट लपेटते, माझ्या खाचांत रुतते आणि सुटताना तिला फिरकी देते. फिरकी मिळाली तर गोळी सरळ जाते, नाही मिळाली तर वाट फुटेल तिकडे. चिंधी मात्र बाहेर पडून थोड्या अंतरावर गळते. तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. सगळे कौतुक गोळीचे.

तसे कौतुक माझेही पुष्कळ झाले. नीरेच्या काठच्या झाडोऱ्यातून रानडुकरे यायची आणि उसाचे फड लोळवायची, भुईमुगाचे वाफे उकरून टाकायची. पहाटे ती परत नदीकडे निघाली की रामहरी मला घेऊन बांधावर बसलेला असे. एक आवाज झाला की काम झालेले असायचे. "रामहरीची बंदूक हाय तवर आपला ऊस हाय," असे माणसे म्हणत. मी ते ऐकून घेत असे, पण हुरळत नसे. आज खांद्यावर घेणारे उद्या अडगळीत टाकायला कमी करत नाहीत.

त्या दिवसांत माझ्या चिंध्या रामहरीच्या आईच्या जुन्या लुगड्याच्या असत. हातमागाचे जाड लुगडे, नदीच्या दगडावर वर्षानुवर्षे आपटून मऊ झालेले. म्हातारी गेली, लुगडे राहिले. रामहरीची बायको सिंधुबाई त्याचे तुकडे कापायची आणि मेण घातलेल्या तिळाच्या तेलात भिजवून ठेवायची. बाई निगुतीची होती. तिच्यावर मी निम्मा विश्वास टाकला होता, आणि माझ्याकडून निम्मा म्हणजे फार झाला.

एकोणीसशे पंचावन्न सालच्या नवरात्रात ते लुगडे संपले.

खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा झाली. विळे, खुरपी, कुऱ्हाड आणि मधोमध मी. मला हळदीकुंकू लावले, झेंडूची माळ घातली आणि देवीच्या ओटीतला एक लाल खण माझ्यावर पांघरला. खण कोरा करकरीत होता. पूजा चालू असताना पाण्याच्या पाटापलीकडे राहणारी छबूबाई ओंजळभर झेंडू घेऊन आली. छबूबाई एकटी विधवा बाई. लोकांच्या रानात खुरपणी करून पोट भरायची. रामहरी तिला काकी म्हणायचा. तिने फुले ठेवली, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाली, "लई जीव घेतले गं बाई हिनं. दमली आसंल. जरा इसावा द्या हिला."

मित्रांनो, खरे सांगते, माझ्या इतक्या वर्षांच्या आयुष्यात मी दमले असेन असे कोणाच्या मनात आले नव्हते. मला भरून आले. पण त्या घरात आणखी एक बाई बसली होती, शेजारची कुशाबाई. तिने ते शब्द ऐकले आणि मनाशी गाठ मारून ठेवले.

दसरा झाल्यावर रामहरीने तो खण हातात घेतला. "चिंध्या संपल्यात न्हवं? मग ह्योच काप," तो सिंधुबाईला म्हणाला.

"अवं, देवीचा खण त्यो. त्यात दारू ठासायची?"

"देवीचा परसाद हाय म्हनून तर म्हनतो. परसाद हिच्या पोटात गेला तर नेम कधी चुकायचा न्हाय."

सिंधुबाईने खण कापला. पहिला तुकडा माझ्या तोंडावर आला आणि माझ्या मनात पाल चुकचुकली. तो तेल पीतच नव्हता. नव्या कापडाची खळ त्याच्या अंगात तशीच होती, आणि खळीमागचे कापड विरविरीत होते. गजाने ठासताना माझ्या खाचांच्या कडांवर तो चरचर फाटला. मी ओरडले असते, पण माझा आवाज एकच, आणि तो चाप ओढल्याशिवाय निघत नाही.

त्या पहाटे डुक्कर अगदी समोर होते. गोळी त्याच्या पाठीवरून दूर गेली. दुसऱ्या खेपेला डावीकडे, तिसऱ्या खेपेला भलतीकडेच. डुकरे काही आंधळी नसतात. आठवडाभरात ती इतकी सोकावली की भर उजेडात भुईमुगात तोंड घालू लागली. कळंबच्या शिवारात रोज कोणाचा ना कोणाचा वाफा उकरलेला असायचा आणि माणसे रामहरीकडे बघायची.

रामहरीने आधी दारूवर संशय घेतला. "त्यो बारामतीचा दुकानदार कोळसा कुटून घालतोय," असे म्हणून त्याने एका मापाऐवजी दीड माप ओतायला सुरुवात केली. मला त्या जादा दारूचा चटका बसला आणि चिंधीच्या तर चिंधड्या झाल्या. नेम आणखी बिघडला. मग तो शिशावर घसरला. साच्यावर घसरला. दुसऱ्या दुकानातून दारू आणली, त्याच दिवशी गोळ्याही नव्या ओतल्या, त्याच दिवशी बसायची जागाही बदलली. इतके सगळे एकदम बदलल्यावर काय सुधारले आणि काय बिघडले हे कोणाला कळणार? शेवटी त्याने माझ्यावर संशय घेतला. "म्हातारी झाली ही," असे म्हणाला. माझ्या जिव्हारी लागले ते. पण मीही त्याच्यावर संशय घेत होतेच, म्हणून फिटंफाट झाली.

एका गोष्टीवर मात्र त्याने संशय घेतला नाही. देवीच्या खणावर कोण संशय घेणार? काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो असा.

सिंधुबाई न्याहारी घेऊन बांधावर यायची, तेव्हा तिला गवतात लाल तुकडे दिसायचे. सगळे जळलेले, मधोमध भोक पडलेले. देवीचा खण जळतो म्हणजे अपशकुन, आणि हे कुशाबाईच्या नजरेला पडले तर गावभर होणार. म्हणून ती वाकून ते तुकडे उचलायची आणि पदराच्या गाठीत बांधून टाकायची. पुढे घरी नेऊन गाडग्यात लपवायची. फेकायचा धीर होत नव्हता, कारण खण देवीचा. अशा रीतीने माझा नेम का चुकतो याचा एकुलता एक पुरावा तिने चांगल्या मनाने झाकून ठेवला.

आणि मग एक दिवस कुशाबाईने ओसरीवर बसून पूजेच्या दिवशी मनाशी मारलेली गाठ सोडली. "अवं रामहरीभाऊ, दारूला आन् शिशाला काय झालं न्हाय. तुमची बंदूक बांदलीया कुनीतरी."

बंदूक बांधणे म्हणजे मंत्र टाकून तिचा नेम अडवणे. त्या काळी पुष्कळ लोकांचा त्यावर विश्वास होता.

"कोन बांदंल?" रामहरीने विचारले.

"मी कशाला कुनाचं नाव घिऊ? पर पूजंच्या दिशी कोन आलं व्हतं? इसावा द्या हिला, आसं कोन म्हनलं व्हतं? त्या दिसापास्नं हिनं इसावाच घेतलाय न्हवं?"

मी खुंटीवर टांगलेली होते. माझ्यावर माया करणारे जे दोन शब्द होते, त्यांचाच तिने फास केला. मला वाटले, रामहरी तिला हाकलून देईल. तो उठला आणि पारावर जाऊन तेच बोलला. त्याला कारण हवे होते, आणि त्याचा स्वतःचा दोष नसलेले कारण आयते मिळाले होते.

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी डोळ्यांनी पाहिले. कोणी छबूबाईला खुरपणीला बोलावीना. ती नदीवर आली की बाया आपली धुणी गोळा करून बाजूला व्हायच्या. वाटेत समोरून आली की माणसे बांध बदलायची. दिवाळी तिने कशी काढली, कोणी विचारले नाही. शेवटी तिने आपले किडूकमिडूक एका गाठोड्यात बांधले. पळसदेवला तिचा भाऊ होता. त्याच्या दारात जाऊन पडायचे, दुसरा मार्ग तिला दिसत नव्हता. आयुष्य काढलेले घर सोडून, कपाळावर चेटकिणीचा शिक्का घेऊन.

सिंधुबाईला हे बघवेना. तिचा मामा मोहनराव इंदापूरला राहायचा. पलटणीतल्या बंदुका दुरुस्त करण्यात त्याची हयात गेली होती आणि आता तो पेन्शनवर होता. तिने त्याला निरोप धाडला. मोहनराव एस.टी.ने आला, चहा प्यायला आणि त्याने मला मांडीवर घेतले. नळीत प्रकाश पाडून एक डोळा मिटून पाहिले, गज फिरवला, नळीच्या टोकावरच्या, नेम धरायच्या माशीवर नखाने टकटक केले.

"नळी साफ आहे. माशी जागेवर आहे. बंदुकीला काही झालेलं नाही," तो म्हणाला.

एवढे ऐकून मला रडू यायचे बाकी होते. लगेच मनात आले, हा माझी एवढी बाजू का घेतोय? मला विकत घ्यायचा तर विचार नाही ना याचा?

"मग ही बांदलेलीच हाय, मामा," रामहरी म्हणाला.

"आधी बघू. पण माझी एक अट आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दारू बदलली तर गोळी तीच, चिंधी तीच, जागा तीच. सगळं ढवळलंस तर ब्रह्मदेवालाही कळणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी पडीक रानात बांधाला टेकवून बाभळीची फळी उभी केली. तिला चुना फासला आणि मधे कोळशाने वाटीएवढा ठिपका काढला. मला वाळूच्या पोत्यावर निजवले, म्हणजे हात हलला अशी सबब कोणाला उरू नये. सगळे गाव जमले. छबूबाईही आली होती, पण लांब, पाटाच्या कडेला. दुपारच्या गाडीने ती निघणार होती. गाठोडे तिने घराच्या उंबऱ्यावर काढूनच ठेवले होते.

पहिली गोळी दीड माप दारूवर झाडली. ती फळीच्या कोपऱ्याला चाटून गेली. मग मोहनरावाने माप जुने केले, बाकी सगळे तेच ठेवले. गोळी जरा जवळ आली, पण ठिपक्यापासून वीतभर लांबच. आणखी एक झाडली, ती तिसरीकडेच.

"दारूनं थोडा फरक पडला. पण दुखणं दारूत नाही," तो म्हणाला आणि रामहरीकडे वळला. "चिंध्या बघतोस का कधी?"

"चिंधीचं काय बगायचं, मामा? ती जळून जाती."

"जळायची नाही ती. पुढे पडलेली अख्खी सापडली पाहिजे."

मोहनराव चालत पुढे गेला आणि गवतातून एक लाल तुकडा उचलून आणला. कडा काळ्या, मधे भोक. कुशाबाईने तो पाहिला आणि छाती पिटली. "आगं बया! देवीचा खण जळाला! देवी कोपली! म्या म्हनलं न्हवतं? आवो, देवीलाबी सोडलं न्हाय तिनं!"

गर्दी एकदम छबूबाईकडे वळली. ज्याची भीती सिंधुबाईला इतके दिवस होती, तेच झाले. ती पांढरीफटक पडली. मला वाटले, आता ही तोंड लपवून घरी जाईल. पण ती पुढे आली. धीर झाला तर मामाला दाखवावे म्हणून जळके तुकडे त्या सकाळी तिने गाडग्यातून काढून पदराला बांधून आणले होते. तिने गाठ सोडली आणि सगळे मामाच्या उपरण्यावर ओतले.

"मामा, हे बगा. पयल्या पहाटंपास्नंचे हायती. रोज असाच जळतुया. छबूकाकीचं नाव कुनी घेतलं न्हवतं तवाबी जळतच व्हता. म्याच लपवून ठिवलं. मला वाटलं, अपशकुन म्हनत्याल."

मोहनरावाने एकेक तुकडा उजेडात धरला. मग शिल्लक खणाचे फडके घेऊन नखाने खरवडले. पांढरी खळ उपरण्यावर झडली.

"देवीच्या खणाला नाव ठिवता व्हय, मामा?" रामहरी कावराबावरा झाला होता.

"देवीला कशाला नाव ठेवू? खण देवीचा आहे, पण खळ दुकानातली आहे. हे कापड तेल पीत नाही, खाचेत फाटतं आणि दारूनं जळतं. गोळीला धरायला आत काही उरतच नाही. आता एकच गोष्ट बदलू. जाड, जुनं, धुऊन मऊ झालेलं सुती फडकं द्या कोणीतरी."

कोणी पुढे येईना. मी सगळ्यांकडे पाहत होते. जुनी धोतरे होती, उपरणी होती, मुंडाशी होती. पण बांधलेल्या बंदुकीत आपले फडके गेले तर ती करणी आपल्यावर उलटेल, हे भय प्रत्येकाच्या डोळ्यांत होते. सिंधुबाईने आपला पदर पुढे केला. मामाने तो चिमटीत चोळून सोडून दिला. गिरणीचे विरविरीत पातळ होते ते.

तेव्हा पाटाच्या कडेची छबूबाई चालत आली. लोक वाट सोडून बाजूला झाले. तिने आपल्या लुगड्याचा काठाकडचा तुकडा दातांनी टर्रकन फाडला.

"हे घ्या. हातमागाचं हाय आन् माझ्याएवढंच जुनं हाय. मीच बांदलीया म्हनतासा न्हवं? मग माझंच फडकं घालून बगा. मी बांदली आसंल तर समद्यांच्या म्होरं गोळी वाकडी जाईल. मंग दुपारच्या गाडीची वाटबी बगत न्हाय, हितनंच चालत जाते."

मित्रांनो, त्या क्षणी माझी गाळण उडाली. आजवर मी सगळ्यांवर संशय घेतला होता, आता तो माझ्यावरच येऊन बसला. माझ्या खाचा खरेच झिजल्या असतील तर? मामाची नजर चुकली असेल तर? एका बाईचे घर, तिची अब्रू, तिचे म्हातारपण माझ्या तोंडाशी येऊन ठेपले होते, आणि मी हूं की चूं करू शकत नव्हते.

मोहनरावाने तुकडा तेलात बुडवला. तो घटाघटा तेल प्याला. दारू जुन्याच मापाची, गोळी त्याच साच्यातली, पोते त्याच जागी. गज खाली उतरला तसे ते फडके माझ्या खाचांत असे नीट बसले की मला म्हातारीच्या लुगड्याची आठवण झाली. चाप ओढला.

धूर निवळला. ठिपक्याच्या काठावर भोक होते.

"योगायोग आसंल," कोणीतरी पुटपुटले. मोहनरावाला ते हवेच होते. त्याने पुन्हा खणाचा तुकडा घातला. गोळी फळीला लागलीच नाही. पुन्हा छबूबाईच्या लुगड्याचा तुकडा घातला. गोळी पहिल्या भोकाच्या शेजारी बसली. मग तो पुढे जाऊन ते तुकडे घेऊन आला आणि सगळ्यांना फिरवून दाखवले. गोल, अख्खे, कडेने नुसते करपलेले, आणि भोवताली माझ्या खाचांचे वळ.

छबूबाई मटकन खाली बसली. सिंधुबाई तिच्याजवळ जाऊन बसली आणि दोघी रडल्या. मला वाटले, झाले, संपले. पण मी कुशाबाईला अजून ओळखले नव्हते.

"म्हंजी बगा," ती हळूच म्हणाली, "हिच्याच फडक्यानं सुटली. ज्यानं बांदलं त्यालाच सोडता येतंय की!"

आणि मित्रांनो, माना हलल्या! फळीवरची भोके, जळके तुकडे, अख्खे तुकडे, सगळे डोळ्यांसमोर असताना माना हलल्या.

रामहरीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. आधी लाल, मग काळा. मग तो मोठ्याने म्हणाला, "बरं, आसंल तसं. मंग आता नीट ऐका. बंदूक काकीच्याच फडक्यानं चालती. काकी पळसदेवला गेली तर फडकं कुठलं आनू? जाऊ द्या तिला. आन् डुकरं बोलवा तुमच्या उसात."

गर्दी पांगली, आणि पांगता पांगताच दोघा-तिघांनी छबूबाईला खुरपणीचे सांगून टाकले. कोणी गहू सांगितला, कोणी ऊस. दुपारची गाडी तिला न घेताच निघून गेली.

आपण मोठी अक्कल लढवली असे रामहरीला वाटत होते. मला खांद्यावर टाकून तो मिशीतल्या मिशीत हसत छबूबाईच्या दारात गेला. "काकी, झालं न्हवं समदं ब्येस? आता कोन तुला जा म्हनंल?"

छबूबाई उंबऱ्यावर गाठोड्याशेजारी बसली होती. तिने मान वर केली.

"ब्येस काय झालं, रामहरी? मी चेटकीनच ऱ्हायले. फकस्त कामाची झाले."

रामहरीचे हसू जागच्या जागी विझले.

"तू पारावर जाऊन माझं नाव घेतलंस," ती म्हणाली. "म्या तुला ल्हानपनी कडंवर घेतलंय. मला खुरपनी नगं. माझं नाव मला परत दे. मंग मी हे गठुडं सोडंन."

तो मला खांद्यावर घेऊन तसाच परत फिरला आणि सिंधुबाईकडून जळके आणि अख्खे, दोन्ही तुकडे मागून घेतले. पहिल्या घरापासून सुरुवात केली. प्रत्येक दारात एकच बोलणे: "मी खोटं बोललो. काकीनं कायबी केलं न्हाय. खणाला खळ व्हती, त्यो जळत व्हता. म्या बगितलं न्हाय आन् तिच्यावर ढकललं. देवाशपथ." कोणी ऐकून घेतले, कोणी "बरं बरं" म्हणून दार लोटले, एका म्हाताऱ्याने त्याला तोंडावर शिव्या घातल्या. तो मान खाली घालून पुढच्या दारात गेला. संशय पेरायला त्याला पारावर एकदा बोलणे पुरले होते. उपटायला मात्र दारोदार फिरावे लागले.

शेवटचे घर कुशाबाईचे. तिने दोन्ही तुकडे उलटेपालटे करून पाहिले. हुंगूनही पाहिले.

"आसं व्हय," ती म्हणाली. "पर मला एक सांग, त्या खणाला खळ घालाया दुकानदाराला कुनी सांगितलं आसंल?"

रामहरीने तिला हात जोडले आणि तो निघाला. पाटाजवळ येऊन पाहतो तो छबूबाई अजून उंबऱ्यावरच होती. तिथून तिला सगळी दारे दिसत होती. एकूण एक दारात तो उभा राहिल्याचे तिने पाहिले होते. ती उठली, गाठोडे उचलले आणि आत जाता जाता म्हणाली, "सिंधूला म्हनावं, चिंध्यांचं तेल झाकून ठिव. मुंग्या लागत्याल."

मित्रांनो, मी संशयी आहे आणि संशयीच राहणार. या वयात स्वभाव कुठून बदलू? तुम्हीही खुशाल संशय घ्या. पण माझी एक विनवणी आहे. तो घ्यायचा तर आधी आपल्या हातातल्या वस्तूवर घ्या, आपल्या लाडक्या समजुतीवर घ्या, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहा. दारू वाया गेली तर पुन्हा आणता येते. एखाद्या एकट्या माणसाचे नाव घेण्याआधी मात्र चार पावले पुढे चालत जा, गवतात वाका, आणि जळकी चिंधी हातात घेऊन बघा. त्या गावात इतकी माणसे होती, पण एक सिंधुबाई वाकली ती लपवायला, बघायला म्हणून कोणीच वाकले नाही.